निदान एवढे तरी

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी चाकरीस आहे. वैद्याच्या तोंडी तो आला म्हणजे रोगाचे मूळ हुडकून काढण्याची क्रिया असा त्याचा अर्थ होतो, आणि माधवकराच्या ग्रंथास मिळालेल्या ‘माधवनिदान’ या नावात तो त्याच अर्थाने शेकडो वर्षे नांदत आला आहे. परंतु संसाराने गांजलेल्या माणसाच्या तोंडी तोच शब्द ‘कमीत कमी’ या अर्थाने येतो. निदान पोटापुरते पिकावे, निदान पोरीचे शिक्षण तरी पुरे व्हावे, अशा वाक्यांत त्याचा वावर असतो. शास्त्रातले निदान आणि गाऱ्हाण्यातले निदान ही दोन्ही सहसा एकमेकांच्या वाटेस जात नाहीत. मात्र खेड्यातल्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर, चिठ्ठी हातात धरून बसलेल्या माणसाच्या मनात ती एकत्र येतात; कारण दुखणे बरे होईल की नाही हे पुढचे पुढे, पण आपल्याला झाले आहे तरी काय, हे निदान कळावे, एवढीच त्याची त्या घडीची मागणी असते.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी हे गाव आहे. नावापुढे कंसात ‘मोठी’ हे विशेषण लावल्यावाचून सरकारी कागदावर ते पुरे होत नाही. एका नावाची अनेक गावे असली म्हणजे मोठी, लहान, खुर्द, बुद्रुक अशी बिरुदे लावून त्यांची ओळख पटवण्याचा महसुली दप्तराचा शिरस्ता जुनाच आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या टापूत आंजीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्याच्या हाताखाली उपकेंद्रे आहेत, उपकेंद्रांच्या पलीकडे आशाताई आहेत, आणि या सगळ्यांच्या वरच्या बाजूस वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय व सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. नकाशावर पाहिले तर ही उतरंड कोणत्याही संपन्न देशास शोभावी अशी आहे. पण नकाशावर न दिसणारी एक गोष्ट त्या रस्त्यावर रोज घडत असते. “रगत तपासाले वर्ध्याले जा लागते, मंग रोजी बुडते,” हे वाक्य या भागात ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळा. त्या एका वाक्यात एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे आहे, कापूस वेचणीच्या हंगामात बुडालेली दिवसाची मजुरी आहे, सोबत जाणाऱ्या माणसाचीही तेवढीच मजुरी आहे, आणि अहवाल ‘उद्या या’ असे सांगितले गेल्यास हा सगळा जमाखर्च दुप्पट करावा लागेल याची धास्ती आहे. तपासणी फुकट असली तरी ती स्वस्त असतेच असे नाही, हे अर्थशास्त्र येथील बाईस कोणी शिकवावे लागत नाही.

हा विषय आमच्या मनात घर करून बसला तो एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या मावशीबाई याच जिल्ह्यातील एका खेड्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्यांना जिना चढताना धाप लागू लागली, पायांवर सूज आली आणि चेहरा मेणासारखा दिसू लागला. जवळच्या एका दवाखान्यात त्यांचे रक्त काढून पुढे रवाना करण्यात आले आणि चार दिवसांनी या म्हणून सांगण्यात आले. चौथ्या दिवशी अहवाल आला नव्हता, सातव्या दिवशीही आला नव्हता, आणि तिसऱ्या खेपेस जाण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. नवव्या दिवशी त्यांना शहरातील रुग्णालयात न्यावे लागले, तेथे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून झाल्या, हिमोग्लोबिन ५.८ निघाले आणि रक्त चढवावे लागले. बाराव्या दिवशी पहिला अहवाल घरी पोचला. एकाच आडनावाच्या दुसऱ्या कोणाच्या कागदांत तो गेला होता. त्यावरही ५.८ हाच आकडा होता. तपासणीत तसूभर चूक नव्हती, यंत्र बिनचूक होते, तंत्रज्ञाने आपले काम चोख केले होते. परंतु दशांशापर्यंत अचूक असलेला तो आकडा ज्या बाईसाठी काढला होता, तिला त्याचा काडीचाही उपयोग राहिला नव्हता. मावशीबाईंनी तो कागद भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला आहे आणि तो अजून तेथेच आहे.

रक्तक्षय हे उदाहरण केवळ घरचे म्हणून घेतले असे नव्हे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना ते लागू पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेले तरी धडधाकट बाई ते सोसून उठते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे तिला तेवढाच रक्तस्राव जिवावर बेततो. म्हणून गरोदर बाईचे रक्त वेळेवर तपासणे ही अनेकदा तिच्या जिवाची किंमत असते, आणि ही तपासणी इतकी साधी आहे की ती कोठेही करता यावी.

जुन्या साहली पद्धतीने ती कशी होई, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. बर्न येथील हेर्मान साहली नावाच्या वैद्याच्या नावाने ओळखले जाणारे हे उपकरण म्हणजे बोटाएवढी एक खुणांची काचनळी आणि तिच्या दोन्ही अंगांस बसवलेल्या दोन तपकिरी काचा. नळीत थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, अनामिकेच्या टोकाला सुई टोचून निघालेले रक्त केसासारख्या बारीक नळीने ओढून त्यात सोडायचे, आणि दहा मिनिटे थांबायचे. लालभडक रक्त पाहता पाहता काळपट तपकिरी होते. मग ऊर्ध्वपातित पाण्याचा एकेक थेंब टाकून, काचेच्या काडीने ढवळून, नळी उजेडाकडे धरायची; मधल्या द्रावाचा रंग दोन्ही बाजूंच्या काचांशी तंतोतंत जुळला, की द्रावाची पातळी ज्या खुणेवर असेल तो आकडा वाचायचा. वीज नको, बॅटरी नको, खिडकीतला उजेड पुरे. परंतु या स्वस्ताईची किंमत माणसाच्या डोळ्याला मोजावी लागते. ढगाळ दिवशी, घाईच्या दिवशी, किंवा सत्तर बायकांच्या रांगेतली सत्तरावी बाई समोर असताना रंग लवकर जुळल्यासारखा वाटतो, पाण्याचे दोन थेंब कमी पडतात आणि आकडा बदलतो. आता पट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन मिनिटाभरात आकडा दाखवणारी छोटी यंत्रे आली आहेत. ती आल्याने डोळ्याची चूक गेली खरी, पण पट्ट्यांचा पुरवठा ही नवी चिंता आली. यंत्र कपाटात आणि पट्ट्या संपलेल्या, ही स्थिती गरीब देशांतील दवाखान्यांना परकी नाही.

तपासणी माणसाच्या दारापर्यंत नेता येते, आणि न्यावी लागते, हे वर्धा जिल्ह्याने देशाला फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. पुढे १९५१ साली वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. वार्डेकर यांच्या नेतृत्वाखाली तिने कुष्ठरोगाशी लढण्याची एक नवी रीत बसवली. तोवर शिरस्ता असा होता की रोग अंगावर फुटून दिसू लागला, बोटे झडू लागली, गावाने वाळीत टाकले, म्हणजे मग रुग्णाने कोठल्या तरी आश्रमाचा रस्ता धरायचा. या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो क्रम उलटा केला. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन पायऱ्यांनी ते घरोघर गेले, आणि रोग लपलेला असतानाच त्यांनी तो हेरला. हेरण्याचे साधन काय, तर कापसाचे बोंड पिकवणाऱ्या या मुलखात कोठेही मिळेल अशी कापसाची एक वात! अंगावर फिकट चट्टा दिसला, की माणसाला डोळे मिटायला सांगायचे, वातीचे टोक हळूच चट्ट्याला लावायचे आणि जेथे स्पर्श जाणवेल तेथे बोट ठेवायला सांगायचे. बोट उठले नाही तर चट्ट्याखालची संवेदना गेली आहे असे समजायचे. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच त्रिसूत्री उचलली. डॅप्सोनसारखे स्वस्त औषध हाताशी होते हे या यशाचे एक कारण; पण ते औषध ज्याला हवे होते त्याला शोधून काढणारी नजर खेड्यात पोचली, हे त्याहून मोठे कारण होय.

या परंपरेच्याच मातीत १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. वैद्यकीय विद्यार्थ्याने खेड्यात राहावे, गाव दत्तक घ्यावे, तेथील घरे मोजावीत, माणसे ओळखावीत, ही तिची वहिवाट. ऐंशीच्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या बदल्यात आरोग्यविमा देण्याची योजना राबवली. सुगीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर कस्तुरबा रुग्णालयाचा आधार मिळवायचा, असा तो सौदा होता. आंजी हे गाव या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येते. संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, आणि २००३ साली बालकांच्या जीवितरक्षणासाठी ग्रामस्थांच्याच पुढाकाराने चालवायचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या टापूतील ६७ गावे समाविष्ट होती. भारतातील खेड्यांच्या आरोग्याविषयीच्या कितीतरी शोधनिबंधांत ‘आंजी’ हे नाव येते. रक्तक्षय, नवजात बालकांच्या धोक्याच्या खुणा, किशोरवयीन मुलींचे पोषण, अशा विषयांचा अभ्यास येथील घरांतून झाला आहे. तपासणी गावात आली, की केवळ रुग्णाला रोग कळतो असे नाही. गावाचे दुखणे देशाला कळते.

विदर्भाच्या रक्तात आणखी एक गोष्ट आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, आणि तेव्हापासून या आजाराचे नाव या भागाच्या वैद्यकाशी कायमचे जोडले गेले. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मुलाच्या हाडांसांध्यांत असह्य कळा उठतात. गावात त्याला वात म्हणून तेल चोळले जाते. त्याची पहिली चाचणी साहलीच्या नळीइतकीच साधी आहे. एका नळीत विशिष्ट द्रावण घेऊन त्यात रक्ताचे दोन थेंब टाकतात आणि पाच मिनिटांनी नळीच्या पाठीमागे काळ्या रेघा आखलेला कागद धरतात. रेघा आरपार स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसट झाल्या वा नाहीशा झाल्या, तर रक्तात सिकल आहे. पण ही चाचणी अर्धेच बोलते. आईबापांपैकी एकाकडून दोष आलेला ‘वाहक’ आणि दोघांकडूनही आलेला ‘रुग्ण’ यांच्या नळ्या सारख्याच गढूळ दिसतात. त्यांतला भेद इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीनेच कळतो. शिवाय हिमोग्लोबिन फारच कमी असेल, किंवा मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, तर नळी खोटी स्वच्छता दाखवू शकते. म्हणजे एका चाचणीची खरीखोटी दुसऱ्या चाचणीवर अवलंबून, आणि दुसरी चाचणी बहुधा दुसऱ्या गावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे ज्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला, तिने चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. सात कोटी नळ्या उजेडाकडे धरणे हे मोठेच काम. पण गढूळ निघालेल्या प्रत्येक नळीमागच्या माणसाला पक्का निकाल सांगणे, आणि लग्न ठरवण्याच्या वयात तो निकाल त्याच्या घरात असणे, हे त्याहून कठीण काम आहे.

क्षयरोगाची कथाही याच वळणाची. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गरीब देशांतील निदान एकाच पद्धतीवर चालले: रुग्णाने बेडका डबीत द्यायचा, काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरायचा, तांबडा रंग चढवून आम्लाने धुवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या शोधायच्या. एका मिलिलिटर बेडक्यात पाचदहा हजार जंतू असल्याशिवाय ही नजर त्यांना पकडू शकत नाही. त्यामुळे मुले, एचआयव्हीबाधित आणि आजाराच्या आरंभीचे रुग्ण हातचे निसटतात, आणि औषधाला न जुमानणारा क्षय कोणता हेही कळत नाही. २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जनुकीय तपासणीच्या ‘एक्सपर्ट’ यंत्राला मान्यता दिली. आपल्या सरकारी बोलीत ते ‘सीबीनॅट’ झाले. सुमारे दोन तासांत ते रोगही सांगते आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही तेही सांगते. पण त्याला वातानुकूलित खोली आणि अखंड वीज लागते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने बनवलेले ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालते, म्हणून भारनियमन आणि उन्हाळा या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या ठिकाणी ते टिकते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीही शिफारस केली. खेड्याची अडचण ज्याने पाहिली आहे, त्याच्या हातून खेड्यासाठी यंत्र घडते, याचा हा मराठी मुलखाशेजारचाच दाखला आहे. सेवाग्रामलाही या शास्त्रात स्थान आहे: तेथील ७२६ आरोग्यकर्मचाऱ्यांवर दोन निरनिराळ्या चाचण्यांची तुलना करणारा मधुकर पै आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ साली अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासण्या शहरात जन्मतात हे खरे, पण त्यांची कसोटी वर्ध्यासारख्या जिल्ह्यात लागते.

आता यंत्र कितीही उत्तम असले तरी प्रत्येक गावात प्रत्येक यंत्र असणे शक्य नाही. म्हणून यंत्र माणसाकडे नेता आले नाही तर नमुना यंत्राकडे न्यावा, हा मार्ग निघाला. नमुन्याच्या या प्रवासाला त्याचे असे शास्त्र आहे. जांभळ्या बुचाच्या नळीतले रक्त पेशी मोजण्यासाठी, करड्या बुचाच्या नळीतले साखरेसाठी. आणि हा भेद शोभेचा नाही. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात आणि त्या नळीतलीच साखर खात राहतात, तासाला पाचसात टक्क्यांच्या गतीने; म्हणून करड्या बुचाच्या नळीत त्यांना रोखणारे फ्लोराइड घातलेले असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या डब्यात नळी आदळत गेली तर पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर सांडते, आणि धडधाकट माणसाच्या हृदयाला धोका आहे असे अहवाल सांगतो. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या मुलखात बर्फाची पिशवी विसरणे म्हणजे तपासणी न करण्यापेक्षा वाईट; कारण न केलेली तपासणी निदान खोटे तरी बोलत नाही. ज्यांनी रक्ताचा थेंब गाळण कागदावर सुकवून टपालाने पाठवण्याची युक्ती काढली, त्यांनी म्हणूनच गरीब देशांवर मोठे उपकार केले. वाळलेल्या थेंबाला ना बर्फ लागतो ना मोटार.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ साली मोफत निदानसेवेचा उपक्रम हाती घेतला. पुढे विस्तारलेल्या यादीबरहुकूम आता उपकेंद्रात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ प्रकारच्या तपासण्यांची तरतूद आहे. महाराष्ट्रात एचएलएल या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ‘महालॅब’ सेवा २०१७ साली सुरू झाली. सरकारी दवाखान्यांत घेतलेले नमुने गोळा करून प्रयोगशाळेत न्यायचे आणि निकाल संगणकावरून व भ्रमणध्वनीवरून परत कळवायचे, अशी तिची तजवीज आहे. आशाताईंच्या पिशवीतील गर्भधारणेचे ‘निश्चय’ किट आणि बोटाच्या थेंबावरून पंधरा-वीस मिनिटांत हिवताप सांगणारी पट्टी यांनी तर निदान थेट उंबरठ्यावर आणून ठेवले आहे. या दोन लहान वस्तूंच्या यशाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे: त्यांत नमुना, तपासणी, निकाल आणि सांगणारी व्यक्ती ही चारही एकाच ओसरीवर, एकाच वेळी हजर असतात. परतीचा प्रवास त्यांना नसतोच.

जगाच्या पातळीवरही ही गोष्ट उशिरानेच उमगली. अत्यावश्यक औषधांची पहिली यादी जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली काढली. अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी निघायला २०१८ साल उजाडावे लागले. एकेचाळीस वर्षे जगाने कोणते औषध हवे ते ठरवले, पण ते कोणाला द्यायचे हे ओळखण्याची साधने कोणती, याचा विचार जणू वैद्याच्या अंतर्ज्ञानावर सोपवला होता. २०१९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपली राष्ट्रीय यादी तयार केली, आणि अशी यादी करणारा भारत हा पहिला देश ठरला. २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या निदानविषयक आयोगाने आपला अहवाल दिला. जगातील ४७ टक्के लोकांना तपासण्या मुळीच मिळत नाहीत किंवा नावापुरत्याच मिळतात, आणि गरीब व निम्नमध्यम उत्पन्नाच्या देशांत प्राथमिक पातळीवर, एचआयव्ही व हिवताप सोडल्यास, अगदी साध्या तपासण्यादेखील अवघ्या १९ टक्के लोकांच्या आवाक्यात आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. मधुमेह, रक्तदाब, क्षय, एचआयव्ही, कावीळ-ब आणि उपदंश या सहा आजारांच्या रुग्णाची वाट तपासली तर माणसे सर्वाधिक संख्येने गळतात ती उपचाराच्या टप्प्यावर नव्हे, निदानाच्याच टप्प्यावर, हेही त्यातून दिसले. औषध नाही म्हणून माणूस मरतो, अशी आपली समजूत. पण अनेकदा औषध दवाखान्याच्या कपाटात असते आणि रोगाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नसते.

यात पैशाचा भाग आहेच. क्षयाच्या एक्सपर्ट चाचणीचे काडतूस २०१२ साली देणगीदारांनी रक्कम भरून ९.९८ डॉलरवर आणले आणि त्यानंतर अकरा वर्षे ती किंमत जागची हलली नाही. उत्पादनखर्च त्याहून पुष्कळ कमी आहे असे रुग्णसंघटना ओरडून सांगत राहिल्या, तेव्हा २०२३ साली ती ७.९७ डॉलर झाली. किंमत उतरवता येते, हे आपल्याकडे करोनाकाळातही दिसले: पुण्याच्या मायलॅब या कंपनीचे पहिले देशी आरटीपीसीआर किट मार्च २०२० मध्ये मंजूर झाले तेव्हा ते परदेशी किटांच्या सुमारे चौथाई किमतीत उपलब्ध झाले. स्पर्धा, देशी उत्पादन आणि एकत्रित सरकारी खरेदी या तीन काठ्यांनी किमतीचा डोलारा खाली ओढता येतो.

मात्र येथे एक उलट बाजू सांगितलीच पाहिजे. ज्या जिल्ह्यात एका बाईला हिमोग्लोबिनचा एक आकडा बारा दिवस मिळत नाही, त्याच जिल्ह्याच्या शहरात वर्तमानपत्राच्या घडीतून ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिराती पडतात, आणि जिची तक्रार केवळ थकव्याची आहे तिच्या रक्ताच्या ऐंशी तपासण्या होतात. ऐंशींपैकी चारपाच आकडे कोणाचेही किंचित इकडेतिकडे असतातच. मग त्यांच्या पाठीमागे लागून आणखी तपासण्या, आणखी खर्च. अभाव आणि अतिरेक एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहतात. म्हणून तपासण्यांची संख्या वाढली म्हणजे निदान सुलभ झाले, हे मोजमाप खोटे आहे. योग्य प्रश्न विचारून केलेली एक तपासणी, आणि तिच्या उत्तरावर काही तरी करण्याची ताकद असलेला माणूस शेजारी, हे एकत्र आले तरच तिला निदान म्हणावे.

आमच्या मते या सगळ्या खटाटोपात दुबळी राहून गेलेली कडी एकच आहे, आणि ती यंत्राची नाही. नमुना गोळा करण्याची व्यवस्था आखली जाते, कारण ती मोजता येते. किती नळ्या गेल्या याचा आकडा महिनाअखेरीस वरच्या कचेरीत पाठवावाच लागतो. किती अहवाल रुग्णाच्या हाती पोचले, आणि पोचल्यावर त्याला ते कोणी समजावून सांगितले, हा आकडा सहसा कोणी मागत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला इंग्रजी संदेश ज्या घरात वाचला जात नाही त्या घरी तो पोचला असे म्हणणे, म्हणजे बंद दारावर नोटीस डकवून समन्स बजावले म्हणण्यासारखे आहे. कापसाची वात घेऊन दारोदार गेलेल्या त्या जुन्या कार्यकर्त्यांना ही अडचण कधी आली नाही. चट्टा तपासणारा माणूसच चट्ट्याचा अर्थ सांगणारा होता, आणि पुढच्या महिन्यात गोळ्या घेऊन येणाराही तोच होता.

आज तोच माणूस मिळणे कठीण, हे मान्य. तपासणी एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे, हे आता अटळ आहे. पण ती फाटलेली शिवण परत टाकण्यास फार मोठा निधी लागत नाही. दवाखान्यांच्या नोंदवह्यांत नमुना घेतल्याची आणि तो रवाना केल्याची तारीख लिहिण्याची पद्धत आहे. त्या रकान्यांच्या उजवीकडे, पानाच्या समासात जागा असेल तेथे, पट्टीने आणखी एक रेघ ओढावी आणि वर लिहावे, ‘निकाल रुग्णास सांगितल्याची तारीख, व सांगणाऱ्याची सही’. तो रकाना रिकामा दिसला, की महिन्याच्या बैठकीत कोणी तरी त्याची कैफियत मागावी, आणि आशाताईने एक फेरी त्या घरी मारावी. मावशीबाईंच्या नावासमोर त्या रकान्यात चौथ्या दिवशी कोणाची तरी सही असती, तर तो कागद कॅलेंडरमागे खोचण्याची वेळ आली नसती.